चिठ्ठी नसलेली गोळी

मागच्या अंकात कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट कसा वाचायचा, यावर लिहिलं होतं. त्यानंतर आलेली बरीचशी पत्रं मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेतलेल्या अँटिबायोटिकबद्दल आहेत. कुणी स्वतः घेतंय, कुणी परदेशातल्या मुलांना पाठवतंय, आणि एक वाचक तर ती विकतात. म्हणून या वेळचं सगळं सदर या एकाच विषयाला दिलं आहे. मी जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. माझ्यासमोर पेशंट येत नाही, त्याचं रक्त, लघवी किंवा थुंकी येते. माझी उत्तरं बरीचशी त्या टेबलावरून दिलेली आहेत, हे लक्षात असू द्या.

डॉक्टरताई, माझी मुलगी नोकरीसाठी नेदरलँड्समध्ये असते. तिला दोन आठवडे खोकला आहे. तिथले डॉक्टर तपासतात आणि 'पॅरासिटामॉल घे, थांबेल' म्हणून घरी पाठवतात. मी ओळखीच्या माणसांबरोबर अझिथ्रोमायसिन पाठवते. मागच्या खेपेला तिसऱ्या दिवशी खोकला थांबला होता. आता ती 'पाठवू नकोस' म्हणते. कुणाचं बरोबर?
— एक आई

मुलीचं. तुमची काळजी मला समजते. मूल लांब असलं की खोकला फोनवर जास्तच मोठा ऐकू येतो. पण तिथल्या डॉक्टरांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलेलं नाही. त्यांनी छाती ऐकली, ताप बघितला, न्यूमोनिया नाही हे ठरवलं आणि मग घरी पाठवलं. उपचार झाला तो तिथेच.

सर्दीनंतरचा खोकला बहुतेक वेळा विषाणूंचा असतो आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, हे तुम्ही ऐकलं असेल. कमी लोकांना माहीत असतं ते असं, की हा खोकला मुळातच लांबतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा त्याचा सरासरी मुक्काम जवळजवळ १८ दिवसांचा निघाला. लोकांना विचारलं तर ते सात ते नऊ दिवस सांगतात. म्हणजे दुसरा आठवडा उजाडला की माणसाला वाटतं, काहीतरी बिघडलंय. तो गोळी घेतो, आणि खोकला जाण्याच्या वाटेवर होताच, तो जातो. श्रेय गोळीला मिळतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत मागच्या वेळी असंच झालं असण्याची शक्यता मोठी आहे.

आता गोळीचं काय झालं ते बघू. अझिथ्रोमायसिनचा कोर्स तीन दिवसांचा असला, तरी ते शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. अडीच-तीन दिवसांत जेमतेम निम्मं उतरतं. बेल्जियममध्ये निरोगी स्वयंसेवकांना अझिथ्रोमायसिनच्या गटातली औषधं देऊन त्यांच्या घशातले जंतू पुढे कित्येक महिने तपासले होते. तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच छोट्या कोर्सनंतर औषधाला न जुमानणारे स्ट्रेप्टोकोकाय नावाचे जंतू घशात वाढले, आणि सहा महिन्यांनीही त्यांचं प्रमाण पूर्वीइतकं खाली आलेलं नव्हतं. ही माणसं आजारी नव्हती. त्यांना काही त्रासही झाला नाही. पण पुढे खरंच गरज पडली असती, तेव्हा?

मुलीला एवढंच सांगा. धाप लागली, थुंकीत रक्त दिसलं, श्वास घेताना छातीत दुखलं, ताप उतरून पुन्हा चढला, वजन घटलं किंवा खोकला तीन आठवड्यांच्या पुढे गेला, तर त्याच डॉक्टरांकडे परत जा आणि आग्रहाने तपासून घे. इथून पाकीट पाठवू नका.

ताप आला की मी आधी दोन दिवस घरचं अँटिबायोटिक घेतो. उतरला तर ठीक, नाही तर डॉक्टर. वेळ वाचतो. चार गोळ्यांनी असं काय बिघडतं?
— एक नोकरदार वाचक

तुम्ही तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाता तेव्हा काय होतं, ते माझ्या बाजूने सांगते.

डॉक्टरांना टायफॉइडची शंका येते. ते ब्लड कल्चर मागवतात. तुमचं आठ-दहा मिलिलिटर रक्त एका बाटलीत भरून माझ्याकडे येतं. बाटलीत जंतूंना आवडेल असं द्रावण असतं. ती मशीनमध्ये शरीराच्या तापमानाला ठेवतात, मशीन तिला सारखं हलवत राहतं आणि पाच दिवस वाट बघतं. आत जंतू वाढले तर ते कार्बन डायऑक्साइड सोडतात, मशीनला ते कळतं आणि दिवा लागतो. टायफॉइडमध्ये रक्तात जंतू फार थोडे असतात. पुष्कळदा एका मिलिलिटरमध्ये एकसुद्धा नसतो. एवढ्या तुटपुंज्या जंतूंना दाबून ठेवायला तुमच्या चार गोळ्या पुरतात. बाटली पाच दिवस गप्प राहते आणि मी रिपोर्ट देते : काही वाढलं नाही.

जंतू मेलेले नसतात. हाडांच्या मगजात, यकृतात, पित्ताशयात ते असतातच. फक्त मला सापडत नाहीत. आणि सापडले नाहीत तर कोणतं औषध लागू पडेल, हे सांगण्याचा माझा मार्गच बंद होतो. तुमच्या डॉक्टरांना अंदाजाने औषध निवडावं लागतं, आणि असा अंदाज जास्त तीव्र औषधाकडे झुकतो. त्यांना मी दोष देत नाही. अंधारात कुणीही तसंच करील.

बाटलीत जंतू वाढले की पुढचं काम प्लेटवर होतं. फिकट पिवळ्या रंगाच्या आगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर, कापसाच्या बोळ्याने जंतू सगळीकडे सारखे पसरायचे आणि वर औषध शोषलेल्या कागदाच्या चकत्या ठेवायच्या. एक चकती सहा मिलिमीटरची, तिच्यावर औषधाची आद्याक्षरं छापलेली. रात्रभर उबेत ठेवून सकाळी प्लेट उजेडात धरली, की सगळीकडे जंतूंची दुधट साय दिसते आणि जे औषध चालतं त्याच्या चकतीभोवती स्वच्छ गोल रिंगण. रिंगणाचा व्यास पट्टीने मोजतो, त्यावरून रिपोर्ट ठरतो. जे चालत नाही, त्याच्या चकतीला जंतू अगदी चिकटून वाढलेले असतात, जणू तिथे नुसता कोरा कागद आहे. आणि कधीकधी स्वच्छ रिंगणाच्या आतच टाचणीच्या डोक्याएवढे दोन-तीन ठिपके दिसतात. आजूबाजूचे सगळे मेले, हे वाचले. शरीरातही हेच होतं. कच्चा डोस, चुकीचं औषध, मधेच सोडलेला कोर्स यांनी अशांना मोकळं रान मिळतं.

याचं टोक बघायचं असेल तर पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात बघा. तिथल्या हैदराबाद शहराच्या परिसरात २०१६ च्या अखेरीस टायफॉइडची साथ सुरू झाली. त्या जंतूवर क्लोरॅम्फेनिकॉल चालेना, अँपिसिलिन चालेना, को-ट्रायमोक्साझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन, सेफ्ट्रायॅक्सोन, काहीच चालेना. तोंडावाटे घ्यायचं एकच भरवशाचं औषध उरलं, अझिथ्रोमायसिन. त्याच्या पलीकडे शिरेतून द्यायची कार्बापेनेम गटातली महागडी इंजेक्शनं. पाकिस्तानने २०१९ मध्ये टायफॉइडची नवी लस मुलांच्या नेहमीच्या लसीकरणात घेतली, त्यामागे ही साथ होती. आणि वर ज्या आईंचं पत्र आहे, त्या खोकल्यासाठी पाठवतात ते औषधही हेच.

आणखी एक गोष्ट, तीही तितकीच गंभीर. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक क्षयाच्या जंतूंवरही परिणाम करतात. खोकल्यासाठी ती आपणहून घेतली तर क्षयाचा पेशंट आठ-पंधरा दिवस बरा वाटतो, थुंकीत जंतू सापडत नाहीत, निदान लांबतं, आणि तोवर त्याच्या घरातली माणसं तीच हवा घेत असतात.

म्हणून क्रम उलटा करा. आधी तपासणी, रक्त, मग गोळी. आणि कधी घेतलीच असेल तर डॉक्टरांना आणि रक्त घेणाऱ्याला तसं सांगा. लपवू नका. मला ते माहीत असेल तर 'काही वाढलं नाही' याचा अर्थ आम्ही वेगळा लावतो.

हे सगळं गरीब देशांतच चालतं ना? श्रीमंत देशांत तर चिठ्ठीशिवाय मिळतच नाही.
— एक विद्यार्थिनी

चांगला प्रश्न आहे, आणि उत्तर तुला वाटतं तितकं सरळ नाही.

प्रमाणात फरक नक्कीच आहे. 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस' या नियतकालिकात २०११ मध्ये जगभरच्या पाहण्यांचा आढावा आला होता. उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिका सोडून बाकीच्या जगात चिठ्ठीशिवायच्या वापराचं प्रमाण जागोजागी १९ टक्क्यांपासून थेट १०० टक्क्यांपर्यंत आढळलं होतं. पण हे प्रकरण युरोपातही शून्य नाही. युरोपीय संघाच्या २०२२ च्या पाहणीत वर्षभरात अँटिबायोटिक घेतलेल्यांपैकी साधारण ८ टक्के लोकांनी ते चिठ्ठीशिवाय घेतलं होतं. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, हे निम्म्याच लोकांना ठाऊक होतं. कायदा कडक असला तरी कपाट असतंच. मागच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या, भावाच्या गोळ्या, सुट्टीत दुसऱ्या देशातून आणलेल्या गोळ्या. अमेरिकेत तर लोकांनी मत्स्यालयातल्या माशांसाठी विकायला ठेवलेलं अमॉक्सिसिलिन घेतल्याचंही नोंदलं गेलं आहे. ज्याच्याकडे आरोग्यविमा नाही, डॉक्टरांची फी परवडत नाही, तो माणूस त्या बाटलीपर्यंत पोचतो. मला यात मूर्खपणा दिसत नाही, अडचण दिसते.

आणि अमेरिकेतही हे पहिल्यापासून बंद नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतरची काही वर्षं तिथे पेनिसिलिनच्या चघळायच्या गोळ्या आणि मलमं कुणीही जाऊन घेऊ शकत होतं. कोणती औषधं चिठ्ठीवरच विकायची याची स्पष्ट विभागणी करणारी कायद्यातली दुरुस्ती १९५१ मधली आहे.

आता कायद्याने काय होतं ते लॅटिन अमेरिकेत छान दिसतं, कारण तिथल्या शेजारी देशांनी वेगवेगळ्या तऱ्हेने तेच केलं. चिलीने १९९९ मध्ये चिठ्ठीची सक्ती खरोखर अमलात आणली आणि तिच्यासोबत लोकांना समजावण्याची मोहीमही चालवली. विक्री झपाट्याने उतरली, पुढे काही वर्षांत हळूहळू पुन्हा चढू लागली. व्हेनेझुएलाने २००६ मध्ये तीन गटांतल्या औषधांवर बंधन आणलं, पण लोकांशी कुणी बोललंच नाही. विक्रीवर परिणाम दिसला नाही. ब्राझीलने २०१० मध्ये चिठ्ठीची एक प्रत दुकानातच ठेवून घेण्याचा आणि तिची मुदत दहा दिवसांची करण्याचा नियम केला. मेक्सिकोनेही २०१० मध्येच सक्ती आणली, आणि मग तिथे जे झालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. औषधांच्या दुकानांना लागून डॉक्टरांच्या छोट्या खोल्या निघाल्या, पाहता पाहता हजारोंनी. फी नाममात्र. पेशंटला चिठ्ठी मिळू लागली, कायदा पाळला गेला. पण डॉक्टरला खोली देणारा आणि गोळी विकणारा पुष्कळदा एकच. तरीही ज्या माणसाला पूर्वी कुणीच तपासत नव्हतं, त्याच्या छातीला निदान स्टेथोस्कोप लागला. ही व्यवस्था चांगली की वाईट, यावर तिथले तज्ज्ञही भांडतात. माझं मत असं, की कुणीच न तपासण्यापेक्षा ती बरी, पण तपासणाऱ्याचं पोट विक्रीवर अवलंबून असता कामा नये.

भारतात २०१४ पासून काही अँटिबायोटिक आणि इतर जपून विकायच्या औषधांची 'एच-वन' यादी लागू आहे. तिच्यातली औषधं विकताना डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव आणि किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपायचं असतं. नियम चांगला आहे, पण तो प्रत्येक दुकानात पाळला जायला हवा.

मला सर्वांत पटलेला प्रयोग इंग्लंडचा. ३१ जानेवारी २०२४ पासून तिथे सात साध्या तक्रारींसाठी फार्मासिस्टच तपासतो आणि गरज असेल तरच औषध देतो, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय. उदाहरणार्थ, १६ ते ६४ वयाच्या बाईला लघवीची जळजळ होते. फार्मासिस्ट विचारतो : लघवी करताना जळजळ होते का? रात्री लघवीसाठी उठावं लागायला लागलं आहे का? लघवी गढूळ दिसते का? गरोदरपण, ताप, पाठीत कंबरेच्या वर दुखणं, असं काही असेल तर तो औषध न देता डॉक्टरांकडे पाठवतो. तसं काही नसेल आणि लक्षणं जुळत असतील, तर नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक, तीन दिवस. झालं. इथे चिठ्ठी नाहीच, पण प्रश्न विचारले गेले, उत्तरं ऐकली गेली, औषध आणि दिवस ठरवून दिले गेले आणि नोंद झाली. मी चिठ्ठीसाठी अडून बसते ती त्या कागदासाठी नव्हे, गोळीच्या आधी जाणत्या माणसाने तुम्हाला बघावं यासाठी. दार बंद करणाऱ्या प्रत्येक सरकारने असं दुसरं दार उघडायला हवं. जिथे डॉक्टर कोसभर सोडा, दिवसभराच्या अंतरावरही नाही, तिथे नुसता दंड लावून माणसं बरी होणार नाहीत.

मी औषधाच्या दुकानात बसतो. चिठ्ठी नाही म्हणून गिऱ्हाईक परत पाठवलं, तर ते पुढच्या दुकानातून घेतं. माझं नुकसान होतं आणि ते तर घेतंच. मी काय करू?
— एक फार्मासिस्ट

तुम्ही लिहिलंत याचा मला मनापासून आनंद झाला. तुम्ही रोज जितकी आजारी माणसं बघता, तितकी पुष्कळ डॉक्टरही बघत नाहीत.

'मिळणार नाही' एवढंच बोलून गिऱ्हाईक परत पाठवलं तर ते पुढे जाणारच. त्याला कशाचा त्रास होतोय ते विचारा आणि त्यावर तुम्हाला देता येईल ते द्या. जुलाब असतील तर ओआरएस, लहान मूल असेल तर सोबत झिंक. बहुतेक जुलाबांना यापुढे काही लागत नाही. शौचात रक्त आणि ताप असेल तर ते डॉक्टरांचं काम. घसा दुखत असेल तर पॅरासिटामॉल आणि मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. दात ठणकत असेल तर वेदनाशामक द्या आणि त्याला निक्षून सांगा, की अमॉक्सिसिलिनने हा ठणका थांबणार नाही. दाताच्या आतला दाब दंतवैद्याने मोकळा केल्याशिवाय तो जात नाही. माणसाला काहीतरी हातात मिळालं आणि कुणीतरी ऐकून घेतलं, तर त्यातले पुष्कळजण पुढच्या दुकानात जात नाहीत.

आणि अर्धी स्ट्रिप कापून देणं तर ठामपणे बंद करा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून अँटिबायोटिकची तीन गटांत विभागणी केली आहे : नेहमीच्या वापरासाठी, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. अझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम आणि सिप्रोफ्लॉक्सासिन 'जपून'च्या गटात आहेत. दुकानात लोक नावाने मागतात ती बहुतेक याच गटातली. ही यादी काउंटरच्या आतल्या बाजूला लावून ठेवा.

नुकसानीचं म्हणाल तर ते खरं आहे, आणि एकट्याने सोसायचं नाही. आसपासच्या दुकानदारांनी मिळून ठरवलं तरच ते टिकतं. सौदी अरेबियात मनाईचा नियम कित्येक वर्षं कागदावर होता. २०१८ मध्ये सगळ्यांवर एकदम कडक अंमलबजावणी झाली, तेव्हा चिठ्ठीशिवायची विक्री खूप खाली आली. पुढचं दुकानही तेच म्हणणार आहे हे कळलं, की गिऱ्हाईक डॉक्टरांकडे वळतं.

बरं वाटलं तरी कोर्स पुरा करायचाच का? आता म्हणे तसं नाही.
— एक निवृत्त शिक्षक

सर, तुम्ही वाचलंय ते खरं आहे. पुष्कळ आजारांत पूर्वीपेक्षा कमी दिवस पुरतात, हे चाचण्यांमधून सिद्ध झालं आहे. साधा न्यूमोनिया सुधारत असेल तर पाच दिवस बास होतात. पण दिवस कमी करायचे ते डॉक्टरांना विचारून, आपल्या मनाने नाही. आणि क्षयाच्या औषधांना तर यातलं काहीच लागू नाही. तिथे एकही डोस चुकवायचा नाही.

परदेशी सहलीला जातोय. जुलाबासाठी अँटिबायोटिक बरोबर ठेवू का? आणि कपाटात जुन्या गोळ्या आहेत, त्यांचं काय करू?
— एक प्रवासी

साध्या जुलाबासाठी घेऊ नका. फिनलंडच्या संशोधकांनी परदेशी जाऊन आलेल्या ४३० प्रवाशांची शौचाची तपासणी केली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांना जुलाब झाले नाहीत आणि ज्यांनी अँटिबायोटिकही घेतलं नाही, त्यांच्यातल्या ११ टक्के लोकांनी अनेक औषधांना दाद न देणारे जंतू आतड्यात घरी आणले होते. जुलाब झाले पण औषध घेतलं नाही, त्यांच्यात हे प्रमाण २१ टक्के होतं. जुलाब झाले आणि अँटिबायोटिकही घेतलं, त्यांच्यात ३७ टक्के. दक्षिण आशियात जाऊन आलेल्या या तिसऱ्या गटात तर ८० टक्के. गोळीने आतड्यातले आपले नेहमीचे जंतू मरतात आणि मोकळ्या जागेत नवे येऊन बसतात. ते काही महिने राहू शकतात आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही लागू शकतात.

ओआरएसची पाकिटं बरोबर ठेवा. ताप आणि रक्त दोन्ही असेल, किंवा पाणीही पोटात ठरत नसेल, तर तिथल्याच डॉक्टरांकडे जा. रोगप्रतिकारशक्ती कमी असलेल्यांची किंवा गंभीर जुनं दुखणं असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून, त्यांनी लिहून दिलेलं औषध कधी घ्यायचं हे समजून घेऊन, चिठ्ठीसकट न्यावं.

कपाटातल्या गोळ्या बेसिनमध्ये किंवा संडासात टाकू नका, त्या सांडपाण्यात जातात आणि तिथल्या जंतूंना भेटतात. काही देशांत औषधांची दुकानं त्या परत घेतात. तुमच्याकडे तशी सोय आहे का, ते आधी विचारा. नसेल तर स्ट्रिपमधून काढून, कुणी उचलून खाणार नाही अशा कचऱ्यात मिसळून, पिशवी घट्ट बांधून टाका. सहलीला निघायच्या आधीच हे करून घ्या.